खंडेनवमीला बंद केलेला सर्व्हर

माझ्या सासूबाई शेजारपाजारी सांगायच्या, "आमची सून कंपन्यांतले पंखे सांभाळते." त्यांचं फारसं चुकत नव्हतं. आमच्या चिखलीच्या घरात, पलंगाखाली, मी कुदळवाडीच्या भंगारवाल्याकडून आणलेला एक जुना सर्व्हर होता. तो सुरू केला की आतले पंखे असे घोंघावायचे की खालच्या मजल्यावरचे काका वर येऊन विचारायचे, "वहिनी, गिरणी टाकली का?" त्या आवाजात मी हे काम शिकले आणि पुढे त्यावरच घर चालवलं. आता गुडघे कुरकुरतात, रॅकसमोर उकिडवं बसवत नाही, म्हणून काम थांबवलं आहे. संपादकांनी दिवाळी अंकासाठी "मजेदार अनुभव" मागितले होते. आहेत थोडे. पण लिहायला बसलं की अर्चनाची नोकरी कशी गेली हेच पुढे येतं. तेव्हा तेच सांगते. मजा कुठे सापडली तर वाटेत घेईन.

ज्यांचा या कामाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. खानावळीत कितीही ताटं मांडलेली असोत, चूल एकच असते. कारखान्यात टेबलाटेबलावर कॉम्प्युटर दिसतात, पण त्यांच्याकडे स्वतःचं फारसं काही नसतं. कुणाची हजेरी, कुठला माल कुठल्या गाडीत भरला, कुठल्या भागाची तपासणी कुणी केली, हे सगळं एका बंद खोलीतल्या एका यंत्रात असतं. तो सर्व्हर. तो चालू असतो तोवर कुणालाही त्याची आठवण येत नाही, आणि त्याला सांभाळणाऱ्या माणसाची तर नाहीच नाही.

मी परभणीची, बी.कॉम. झालेली, लग्न होऊन इकडे आले. भोसरीच्या एका कंपनीत चलनं टाइप करायचे. तिथला सर्व्हर बघणारा माणूस एके दिवशी सोडून गेला आणि साहेबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. कारण विचाराल तर माझी खुर्ची त्या खोलीच्या सगळ्यात जवळ होती. मग अप्पा बळवंत चौकातून उशीएवढी जाड इंग्रजी पुस्तकं आणली, जुनी, कुणाच्या तरी पेन्सिलीच्या खुणा असलेली. पहिल्या वाचनात फक्त क्रियापदं कळायची. घरच्या सर्व्हरवर मी सिस्टिम चढवायचे, मोडायचे, पुन्हा चढवायचे. पुस्तकात जिथे "ही कमांड कधीही देऊ नका" असं लिहिलेलं असे, ती मी आधी देऊन बघायचे. आपल्या घरात, आपल्या भंगारावर, कुणाच्या बापाचं काय जातंय? नंतर सर्टिफिकेटची परीक्षा दिली. शिवाजीनगरला एका गार खोलीत कॉम्प्युटरसमोर बसवतात. घड्याळ, रुमाल, हातातल्या बांगड्यासुद्धा बाहेर. पहिल्यांदा नापास झाले. निकाल तिथल्या तिथे कळतो, एवढीच त्या परीक्षेची दया. दुसऱ्या खेपेला सुटले. सर्टिफिकेट असलं की गेटवरचा माणूस आत सोडतो, पण हात बसतो तो मोडतोड करूनच, असं मी अजून म्हणते.

कबूल केलेली मजा इथेच उरकून घेते. चऱ्होलीला दोन भाऊ होते, भागीदारीत वर्कशॉप चालवायचे. दोघांचा एकमेकांवर काडीचा विश्वास नव्हता, म्हणून सर्व्हरचा पासवर्ड त्यांनी वाटून घेतला होता: अर्धा थोरल्याला ठाऊक, अर्धा धाकट्याला. पुढे भांडण इतकं वाढलं की दोघं एका खोलीत येईनात. मग थोरल्यानं आत यायचं, आपला अर्धा टाइप करायचा, बाहेर जायचं. धाकट्यानं यायचं, उरलेला टाइप करायचा. मधल्या वेळात कीबोर्डवर राखण करायला मी. एकदा धाकट्यानं आपला अर्धा चुकीचा टाइप केला आणि थोरल्याला परत बोलवायला गेले, तर तो म्हणाला, "त्याला म्हणावं, आधी माफी माग." चार कामं टाकून मी त्या दोघांमध्ये येरझाऱ्या घातल्या. पुस्तकात असल्या प्रसंगावर एक ओळ नाही.

आता अर्चना.

ती कुरुळीची. सासर तिथलं जुनं. नवरा कंत्राटावर, म्हणजे सहा महिने काम आणि पुढे देवाची मर्जी. ती एका कंपनीत गेटपास बनवायची. मी तिथला सर्व्हर बघायला जायचे तेव्हा ती माझ्या पाठीमागे येऊन उभी राहायची आणि पडद्यावरचं ओठातल्या ओठात वाचायची. एकदा मला म्हणाली, "मॅडम, मला शिकवाल का हे?"

"इंग्रजी येतं?"

"वाचाया येतं. समजत न्हाई."

माझी सुरुवात याहून वेगळी नव्हती. दर रविवारी ती स्कूटीवरून चिखलीला यायला लागली. मी तिला माझाच पलंगाखालचा खटारा दिला आणि सांगितलं, मोड. आधी घाबरायची. मग अशी मोडायला लागली की मलाच दुरुस्त करताना घाम फुटायचा. भाकऱ्या थापताना ती इंग्रजी शब्द मोठ्यानं घोकायची, आणि तिची सासू तिकडून विचारायची, "आगं, कुणाशी भांडतीस?" ही सासू मला आवडायची. रविवारी तिची पोरं तीच बघायची.

अर्चना पहिल्याच खेपेला पास झाली. मला थोडा राग आला, खोटं कशाला बोलू? तिच्या सासऱ्यांनी सर्टिफिकेटला काच लावून ते देव्हाऱ्याच्या वर टांगलं आणि गल्लीत पेढे वाटले. थोड्याच दिवसांत कुरुळीतल्याच एका कंपनीत तिला सर्व्हर सांभाळायची नोकरी लागली. ही कंपनी गाड्यांच्या ब्रेकचे पत्र्याचे भाग बनवायची. गावातल्या बायका कंपनीत जायच्या त्या पॅकिंगला नाहीतर झाडलोटीला. गळ्यात अ‍ॅडमिनचं कार्ड घालून जाणारी ही पहिली. त्याच सुमारास नवऱ्याचं कंत्राट संपलं आणि घर तिच्या एकटीच्या पगारावर आलं. पोरांच्या शाळेपासून सासूच्या गोळ्यांपर्यंत सगळं त्या कार्डावर होतं.

तिथला सर्व्हर जुना होता. सर्व्हरमध्ये माहिती ज्या तबकड्यांवर असते त्यांना डिस्क म्हणतात. त्याच्यात चार होत्या आणि माहिती अशी वाटून ठेवलेली होती की एक डिस्क गेली तरी काम चालू राहावं. दोन गेल्या की मात्र संपलं. आधीचा माणूस जाताना अर्चनाला घाईघाईत एवढंच सांगून गेला की बॅकअपचं मेंटेनन्सचे गव्हाणे बघतात.

गव्हाणे भाऊ कंपनीतले जुने, मनानं सरळ. अर्चनानं त्यांना विचारलं, "भाऊ, आपल्या सर्व्हरचा बॅकअप आहे ना?"

"हाय की! फुल हाय. कालच चेक केलाय."

आता आमच्या धंद्यात बॅकअप म्हणजे माहितीची दुसरी प्रत, वेगळ्या जागी ठेवलेली. आणि पिंपरीपासून चाकणपर्यंत कुठल्याही मेंटेनन्सच्या माणसाला बॅकअप म्हणजे बॅटरी. लाइट गेल्यावर किती वेळ तग धरेल तो बॅकअप. गव्हाणे भाऊंनी बॅटरीतलं पाणी तपासलं होतं, दोऱ्या लावून केबली बांधल्या होत्या. ते खरंच बोलत होते. अर्चनानं विश्वास ठेवला.

ही तिची चूक, आणि मी ती झाकणार नाही. मी तिला शिकवलं होतं की प्रत डोळ्यांनी बघायची, उघडून बघायची, मगच हो म्हणायचं. प्रत उघडून तपासायला मोकळी डिस्क लागते, ती तिनं मागितली होती आणि ती आली नव्हती, हे खरं. पण नुसती आहे की नाही हे बघायला काही लागत नाही. तिनं बघायला हवं होतं.

दसऱ्याच्या आधी तीन दिवस एका डिस्कचा हिरवा दिवा नारिंगी झाला. म्हणजे ती डिस्क आजारी पडली. अर्चनानं लगेच नवीन डिस्क मागवायला परचेसला, म्हणजे खरेदी खात्याला, मेल केला. उत्तर आलं, तीन कोटेशन जोडा.

आणि खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्याकडच्या कारखान्यांत काय असतं ते बाहेरच्यांना सांगायला हवं. सगळ्या मशीन थांबवतात. एरवी ज्या प्रेसच्या दणक्यानं जमीन हादरते, तिथे इतकी शांतता होते की माणसं आपोआप हळू बोलतात. ऑपरेटर आपापलं मशीन पुसतात, हळदकुंकू लावतात, झेंडूच्या माळा घालतात, फोर्कलिफ्टच्या चाकाखाली लिंबू ठेवतात. लोक घरून बायकापोरांना घेऊन येतात आणि पोराला दाखवतात, हे बघ, पप्पांचं मशीन. मला हा दिवस मनापासून आवडतो.

सर्व्हर यातून कायम सुटायचा, कारण तो एका अडगळीच्या खोलीत होता आणि यंत्र म्हणून त्याला कुणी धरतच नव्हतं. त्या वर्षी कंपनीनं त्याच्यासाठी काचेची खोली बांधली होती. साहेब पूजेच्या ताटाबरोबर तिथे आले आणि कौतुकानं म्हणाले, "हासुद्धा आपलं यंत्रच आहे. सगळे विसावलेत, ह्यानंच काय पाप केलं? करा बंद."

अर्चना म्हणाली, "सर, आज याला हात नको लावायला. एक डिस्क खराब झालीये. नवीन आल्यावर करू."

"बॅकअप आहे ना?"

गव्हाणे भाऊ मागून म्हणाले, "फुल हाय साहेब."

"मग झालं तर."

अर्चनानं सर्व्हर अगदी रीतीनं बंद केला, पुस्तकात सांगितल्याप्रमाणे. साहेबांच्या पत्नीनं त्याला कुंकू लावलं, नारळ फुटला, पेढे झाले. पूजा आटोपल्यावर अर्चनानं बटण दाबलं. वर्षानुवर्षं अखंड फिरत असलेल्या डिस्कचं एक असतं: फिरत असतात तोवर फिरतात, एकदा थंड झाल्या की काही वेळा पुन्हा उठत नाहीत. आजारी डिस्क तर गेलीच, तिच्या शेजारची एक उठलीच नाही. चारातल्या दोन. तिनं गव्हाणे भाऊंना हाक मारली, "भाऊ, बॅकअप आणा," आणि ते धावत जाऊन बॅटरीच्या खोलीची किल्ली घेऊन आले. तेव्हा तिला कळलं.

तिनं मला फोन केला. मी रिक्षा करून गेले. ती काचेच्या खोलीत खाली बसली होती, पदराला कुंकू लागलेलं, आणि मला बघून नुसती मान हलवत राहिली. आम्हाला जे जे येत होतं ते सगळं करून पाहिलं. नंतर डिस्क अशा कामाच्या प्रयोगशाळेत पाठवल्या, त्यांनीही हात टेकले. तपासणीच्या नोंदी गेल्या, मालाचे हिशेब गेले. आणि कामगारांच्या हजेऱ्या गेल्या. दिवाळीच्या तोंडावर लोकांनी मर मर मरून ओव्हरटाइम केला होता, त्याचा पुरावाच उरला नाही. कंपनीनं सगळ्यांना सरसकट थोडंफार दिलं. शॉपफ्लोअर खवळलं, आणि खवळणारच.

आठवड्याभरानं मीटिंग झाली. बाहेरची जाणकार म्हणून मलाही बोलावलं होतं. साहेब, परचेसचे एक जण, गव्हाणे भाऊ, शिफ्टचा सुपरवायझर, एचआरच्या मॅडम, अर्चना आणि मी. गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कारखान्यांत एक पद्धत आहे, तिला व्हाय-व्हाय म्हणतात. काही बिघडलं की फळ्यावर पाच वेळा "का?" लिहायचं. पार्ट वाकडा का? पत्रा दाबायची डाय सरकली. डाय का सरकली? बोल्ट ढिला. असं खणत मुळापर्यंत जायचं. चांगली पद्धत आहे, मी तिचा आदर करते.

तर सुरू झालं. सर्व्हर का गेला? दोन डिस्क गेल्या. का? जुन्या होत्या, बंद केल्यावर उठल्या नाहीत. मी उठून सांगितलं की पुढच्या एखाद्या लाइट जाण्यात हे असंही झालंच असतं, खरा प्रश्न आहे तो दुसरी प्रत का नव्हती हा. ते साहेबांनी लिहून घेतलं. मला बरं वाटलं. आता गाडी योग्य रस्त्याला लागली होती. आता बॅकअप या शब्दाचा घोटाळा निघेल, तीन कोटेशनचा निघेल, अर्चनानं स्वतः खात्री केली नाही हेही निघेल, तिला बोलणी बसतील, पगारवाढ थांबेल, आणि नोकरी राहील. मी मनात एवढं सगळं मांडून ठेवलं होतं.

साहेब म्हणाले, "इतकी वर्षं कधी गेला नाही. पूजेच्याच दिवशी का जावा?"

सुपरवायझर लातूरकडचा. तो टेबलाकडे बघत म्हणाला, "साहेब, लेबर येगळंच बोलायलंय."

"काय बोलायलंय?"

"नको साहेब. लेडीज हाईत."

त्याचा रोख मला कळला, पण वाटलं, हे इथेच विरून जाईल. एवढ्यात एचआरच्या मॅडमनी आवाज मऊ करून विचारलं, "अर्चना, त्या दिवशी तुला काही अडचण होती का गं?"

अर्चनाचं सगळं लक्ष फळ्यावर होतं. कधी एकदा आपल्याला विचारतात आणि त्या नारिंगी दिव्याचं सांगते, असं तिला झालं होतं. ती घाईनं म्हणाली, "होती की मॅडम. तिसरा दिवस होता. म्हणून तर मी म्हणत होते, आज हात नको लावायला. पण सर म्हणाले करा, मग केलं."

गव्हाणे भाऊंनी मान खाली घातली. परचेसवाल्यानं पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिताच ठेवला. साहेब खिडकीबाहेर बघायला लागले. बायकांना "अडचण" असते म्हणजे काय असतं, हे महाराष्ट्रात शेंबड्या पोरालाही कळतं, आणि त्या खोलीत ते न कळलेली एकटी अर्चनाच होती.

मी म्हणाले, "साहेब, ती डिस्कबद्दल बोलतेय. डिस्कचा दिवा पूजेच्या दोन दिवस आधी—"

"राहू द्या मॅडम," साहेब म्हणाले. "तो विषय नको इथे."

"विषय तोच आहे. त्यांनी एक विचारलं, तिनं दुसरं सांगितलं."

"मॅडम, प्लीज. मी असलं काही मानत नाही. पण मला तीन शिफ्ट चालवायच्या आहेत." आणि त्यांनी फळा पुसायला सांगितला. मी आणखी चढ्या आवाजात बोलले. सगळे जण अशा चेहऱ्यानं बसले होते की वंगाळ बोलतेय ती मीच. उघड आरोप असता तर खोडून काढता आला असता. जे कुणी तोंडानं बोललंच नाही ते खोडायचं कसं? मला आजही याचा संताप येतो. ज्या चुकीबद्दल तिला धारेवर धरायला हवं होतं, त्या चुकीचं तिला कुणी विचारलंसुद्धा नाही.

आम्ही बाहेर पार्किंगमध्ये आलो. अर्चना अजून पहिल्याच गोष्टीत अडकलेली. "मॅडम, एकदम सगळे गप का झाले? मी चुकीचं बोलले का काय?"

मी तिला सांगितलं. मऊ शब्द शोधले नाहीत, तेवढं त्राणच नव्हतं. मग तिचा चेहरा कानापर्यंत लाल झाला.

"आवो, पण न्हवती मला," ती म्हणाली. "मॅडम, खरंच न्हवती."

"असती तरी काय बिघडलं असतं अर्चना? डिस्कला काय कळतंय?"

"डिस्कचं सोडा तुमी." तिनं स्कूटीची किल्ली माझ्या हातात कोंबली. "मी जाऊन सांगून येते."

मी तिचा हात धरला. म्हटलं, जाऊ नकोस. चार पुरुषांसमोर उभी राहून काय सांगणार आहेस? तू शिकलेली आहेस, परीक्षा पास झालेली आहेस, इथली गेलीच म्हण, तुला दुसरीकडे मिळेल. मी बरंच काही बोलले. तिनं माझा हात सोडवला, हळूच, रागानं नाही.

"मॅडम, तुमचं बरोबर हाय. पण कुरुळीत हे घरी पोचायच्या आत मला हितं सांगायला पायजे."

ती गेली. मी स्कूटीजवळ उभी राहिले. शिफ्ट सुटायची वेळ होती. बसेस लागत होत्या, माणसं गेटकडे निघाली होती, आणि जाता जाता दोघं-तिघं काचेच्या खोलीकडे बोट दाखवत काहीतरी बोलत होते.

ती परत आली तेव्हा गळ्यात कार्ड नव्हतं, ते आत जमा झालं होतं. पदर डोक्यावरून घेतलेला होता. एवढ्या दिवसांत कंपनीत मी तिला तसा पदर घेतलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"सांगितलंस?"

"एचआरच्या मॅडमला सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं, मला पाणी दिलं. म्हणाल्या, मला पटतंय गं, माझा विश्वास आहे तुझ्यावर."

"मग?"

"म्हणाल्या, पण हे मी साहेबांना कुठल्या तोंडानं सांगू?"